दोन टब की तांब्याचा महिना?

कोल्हापुरात घरच्या टाकीत पाळायला खाऱ्या पाण्याचा मासा येतो तो बहुधा मुंबई-पुण्याहून, रात्रभर प्रवास करून, थर्माकोलच्या खोक्यात. अंगावर काय घेऊन आलाय ते पहिल्या दिवशी दिसत नाही. 'दुकानात पंधरा दिवस ठणठणीत होता' याला फारसा अर्थ नाही. सगळ्या टाक्यांतून एकच पाणी फिरत असेल, तर काल आलेल्या माशाचा रोग त्याच्यापर्यंत पोचलेला असतो. गोड्या पाण्यात बुडवून काढला की काही कीड गळते, पण कातडीत शिरलेला इच, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, तसाच राहतो. म्हणून क्वारंटाइन, म्हणजे नवा मासा मुख्य टाकीत सोडण्याआधी काही दिवस वेगळा ठेवणं, करायचं हे धरूनच चालू. कसं करायचं, एवढंच ठरवायचं आहे.

पहिला रस्ता दोन टबांचा. इचचा परजीवी काही दिवस माशावर पोसतो, मग गळून तळाशी चिकटतो आणि कोष करतो. कोष फुटून नवी पिल्लावळ बाहेर पडायला साधारण तीन दिवस तरी लागतात. त्याआधीच मासा दुसऱ्या टबात गेला, तर कोष मागे राहतात. दर ७२ तासांच्या आत एकदा, अशा चार बदल्या केल्या की बारा दिवसांत काम होतं. औषध नाही, फिल्टर नाही. पाणीच बदलत असल्याने माशाच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया साठायला वेळ मिळत नाही. हवेचा पंप, हीटर, लपायला पीव्हीसीचे दोन एल्बो, बस्स. मात्र एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड), नळी, एल्बो सगळं दोन-दोन हवं. या टबातलं काही ओलं त्या टबात गेलं, तर बदलीला अर्थ उरत नाही.

खर्च मिठात आहे. ४० लिटरचा टब पाच वेळा भरायचा म्हणजे २०० लिटर पाणी, आणि लिटरला ३५ ग्रॅम धरलं तर सात किलो सॉल्ट मिक्स, म्हणजे समुद्राचं पाणी बनवायचं तयार मीठ. घरच्या आरओला ४० लिटर गाळायला वेळ लागतो, तेव्हा ड्रम आदल्या दिवशीच लावा. आंबा घाटातून रत्नागिरीचं पाणी कॅनमध्ये भरून आणावं असं कुणाच्याही मनात येईल. पण क्वारंटाइनसाठी ते नको. समुद्राच्या पाण्यातून परजीवी येऊ शकतात, आणि पावसाळ्यात किनाऱ्याजवळ नद्यांचं गोडं पाणी मिसळून खारेपणा घसरलेला असतो.

दुसरा रस्ता तांब्याचा, म्हणजे पाण्यात तांब्याचं औषध टाकण्याचा. एकच टाकी, साठेक लिटरची, तळ मोकळा. वाळू आणि लाइव्ह रॉक (जिवंत बॅक्टेरिया असलेले समुद्री खडक) तांबं शोषून घेतात, म्हणून दोन्ही बाहेर. चिलेटेड कॉपर (दुसऱ्या रसायनात बांधलेलं तांबं) असेल तर २ ते २.५ पीपीएम, म्हणजे लिटरला तितके मिलिग्रॅम, क्यूप्रामीन या ब्रँडसारखं असेल तर ०.५ पीपीएम, आणि ही पातळी सलग ३० दिवस. कमी पडलं तर परजीवी जगतो, जास्त झालं तर मासा जातो. देवघरातला तांब्या पाण्यात सोडायचा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून द्या. इथे थेंब मोजून टाकायचे आणि दिवसाआड टेस्ट करायची. टेस्ट किटही त्याच प्रकारच्या तांब्याला चालणारा हवा, नाहीतर आकडा खोटा येतो. अमोनिया मारणारी रसायनं तांब्याबरोबर वापरू नयेत, काही वेळा त्यांनी तांबं जास्त विषारी होतं. त्यामुळे अमोनियाची सोय आधीच लावावी लागते: मुख्य टाकीच्या सम्पमध्ये, म्हणजे फिल्टरसाठी जोडलेल्या दुसऱ्या टाकीत, महिना-दीड महिना स्पंज ठेवून त्यावर अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया वाढू द्यायचे. तांब्यात गेलेला तो स्पंज पुन्हा सम्पमध्ये जात नाही. कोरल, कोळंबी, गोगलगाय यांना तांबं म्हणजे मरण.

एवढा उपद्व्याप करायचा कशाला? व्हेल्वेट या दुसऱ्या परजीवी रोगासाठी. अंगावर पिठासारखी बारीक धूळ, जोरजोरात श्वास, मासा पंपाच्या धारेत जाऊन उभा. पुढे दिवस मोजायलाही वेळ मिळत नाही. व्हेल्वेटचं चक्र तीन दिवसांपेक्षा लवकर फिरू शकतं, म्हणून बदल्यांनी तो हटत नाही. तांब्याने इच आणि व्हेल्वेट दोन्ही जातात. कल्ल्यांतल्या फ्लूक्सवर, म्हणजे बारीक चपट्या कृमींवर, मात्र दोन्ही रस्ते निकामी, तिथे प्राझीच (प्राझीक्वांटेल हे कृमीनाशक) लागतं.

आता कोल्हापूरचा पाऊस. वापरलेला टब धुऊन खडखडीत वाळवायचा, हा बदलीच्या पद्धतीचा कणा आहे. मे महिन्यात गच्चीवर तासाभरात वाळणारा टब जुलैत दोन दिवस ओलसरच राहतो. मग ब्लीचने धुवा, पंख्याखाली ठेवा, नाहीतर पावसाळ्यात मासाच घेऊ नका. मला शेवटचं पटतं, कारण त्याच दिवसांत लाइटही जाते. बॅटरीवर चालणारा एअर पंप कोणत्याही रस्त्याला लागतोच. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे टबाचं पाणी टाकीपेक्षा लवकर गार होतं, तेव्हा थर्मोस्टॅट नसलेला स्वस्त हीटर नको.

वर्षाला एक-दोन क्लाऊन किंवा डॅमसेल जातीचे मासे घेणार असाल, तर दोन टब. शेवटच्या टबात आणखी दोन आठवडे मासा नजरेखाली ठेवा, प्राझीही तिथेच. आता मात्र पाणी बदलत राहा आणि अमोनिया तपासा. सारखे मासे आणत असाल, टँग जातीचा मासा घेणार असाल, किंवा एकाच खोक्यातून चार-पाच मासे येणार असतील, तर तांब्याची टाकी. पण टेस्ट किट हातात नसेल, तर तांब्याची बाटली उघडूसुद्धा नका. मँडरिनसारख्या नाजूक माशाला मी तांब्यात घालणार नाही, मीठ कितीही लागो.

मुख्य टाकीत इच आधीच शिरला असेल, तर हा हिशेब बदलतो. तिथले सगळे मासे बाहेर काढून टाकी ७६ दिवस माशांविना ठेवावी लागते. एवढे दिवस मासे टबात ठेवता येत नाहीत; तेव्हा स्पंज फिल्टर लावलेली मोठी टाकीच घ्या, आणि पहिला महिना तिच्यातच तांबं द्या.