प्लंबरची लायबिलिटी पॉलिसी: दावा लागून मिटल्यानंतरचा रिव्ह्यू

पॉलिसी घेतल्या घेतल्या पाच स्टार देऊन मोकळे होणाऱ्यांचे रिव्ह्यू मी भरपूर वाचले. त्यातून एवढंच कळतं की एजंट गोड बोलतो. विमा कसा आहे ते दावा लागल्यावर कळतं. माझा लागला आणि मिटला, म्हणून लिहितोय. लायबिलिटी पॉलिसी म्हणजे आपल्या कामामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा विमा. कंपनीचं नाव देत नाही. या प्रकारच्या पॉलिसीतली कलमं थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखीच असतात, तेव्हा नावापेक्षा कलमं बघा.

मी प्लंबर. आधी एका कंत्राटदाराकडे पगारावर होतो, आता माझं मीच काम घेतो. पगारावर असताना हा विषय डोक्यात आलाच नव्हता, आणि यायचं कारणही नव्हतं. कामावर असताना नोकराच्या हातून तिसऱ्याचं नुकसान झालं तर ते मालकाला भरावं लागतं, असा बहुतेक देशांतला कायदा आहे. शेठ चार शिव्या घालील, पण बिल त्याच्या टेबलावर जाणार. स्वतःचं सुरू केलं की दर आपण ठरवतो, कामाला नाही म्हणू शकतो, आणि ते बिलही आपल्याच दारात येतं.

आता प्रसंग. वॉशबेसिनखाली फ्लेक्झिबल कनेक्शन पाइप असते ना, तिचा ब्रासचा नट मध्यरात्री उभा चिरला. घराला कुलूप, पाणी रात्रभर चालू. खालच्या मजल्यावरच्यांचं फॉल्स सीलिंग खाली आलं, लाकडी कपाट फुगून दारं लागेनाशी झाली. पाइप मी बसवलेली. चीर धातूतली होती, पण सकाळी सकाळी ते कोण बघतंय? पाइप बनवणाऱ्याचा नंबर कुणाकडे नसतो, प्लंबरचा असतो.

हेल्पलाइनवरच्या बाईंनी पहिल्याच फोनला दोन गोष्टी सांगितल्या. तुटलेला नट फेकू नका, पिशवीत घालून ठेवा. आणि कुणाजवळ काही कबूल करू नका. पहिली सूचना लाखमोलाची ठरली. नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरने तो नट बघूनच धातूतल्या दोषाची नोंद केली. भरपाई दिल्यावर कंपनी आपल्या जागी उभी राहून खऱ्या दोषी पार्टीकडून वसुली करू शकते, त्यासाठी तिला हा पुरावा लागतो. एरवी असा नट भंगाराच्या डब्यात गेला असता.

दुसरी सूचना मात्र गळ्यात अडकते. कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय चूक मान्य करायची नाही, भरपाईचं वचन द्यायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत. हे जवळपास प्रत्येक पॉलिसीत असतं, आणि मोडलं तर दावा धोक्यात. पण आमचा सगळा धंदा एका वाक्यावर चालतो: "काळजी करू नका, मी बघतो." समोर माणसं बादल्या घेऊन पाणी उपसतायत आणि मी म्हणतोय, "कंपनीला कळवलंय, सर्व्हेअर येतील." माझ्याच तोंडून ते खिडकीमागच्या कारकुनासारखं वाटत होतं. खालच्या काकू म्हणाल्याच, "अहो, तुम्ही बसवलंत ना, मग तुम्ही बोला की!" मी पाणी उपसू लागलो, ओलं सामान हलवायला मदत केली, पण तोंड मिटून. (मदत करायला बंदी नाही, मी मुद्दाम विचारून घेतलं होतं.) वरच्या घरमालकांनी मात्र त्यानंतर मला काम दिलेलं नाही. ही किंमत प्रीमियमच्या पावतीवर छापलेली नसते.

मिळालं काय? सीलिंग आणि कपाटाची भरपाई, कपाटाची घसारा कापून. मिळालं नाही काय? नवी पाइप, ती बसवायची मजुरी, म्हणजे माझ्या स्वतःच्या कामाची दुरुस्ती. हे कुठलीच लायबिलिटी पॉलिसी सहसा देत नाही. तुमच्या कामामुळे दुसऱ्याचं जे बिघडलं ते तिचं, बिघडलेलं काम तुमचं. शिवाय दाव्यातला पहिला ठरलेला वाटा आपल्या खिशातून. माझ्या पॉलिसीत तो एवढा आहे की गळकी टाकी, भिजलेली गादी असली किरकोळ प्रकरणं त्यातच संपतात. रोजच्या चुकांसाठी हा विमा नाही. एका फटक्यात धंदा आणि घर दोन्ही बसतील अशा दिवसासाठी आहे, हे धरूनच घ्या.

स्टार कापला तो दोन ठिकाणी. एक, वकिलाचा खर्च संरक्षणाच्या रकमेतूनच वळता होतो. दावा खोटा असला तरी कंपनी बाजू लढवते हे चांगलं, पण भांडण लांबलं की वकील आपलीच मर्यादा खात बसतो. काही पॉलिसीत हा खर्च वेगळा मिळतो, घेताना विचारा. दोन, माझी पॉलिसी दावा येईल त्या दिवशी चालू असावी लागते, काम कधी का केलेलं असेना. शिवाय ते काम पॉलिसीवर लिहिलेल्या जुन्या तारखेनंतरचं हवं. भिंतीतली कन्सिल्ड लाइन आज टेस्टला पास होते आणि कित्येक वर्षांनी ओल दाखवते. मध्ये कंपनी बदलली आणि नव्या कागदावर ती जुनी तारीख आली नाही, तर मागचं सगळं काम उघडं पडलं. धंदा बंद केला तरी पुढच्या काळासाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. एजंटने यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. घटना घडली त्या वर्षीची पॉलिसी जबाबदार धरणारा प्रकारही असतो. आमच्या धंद्याला तो बरा, मिळाला तर.

एक मित्र म्हणतो, प्रीमियम कशाला भरतोस, लिमिटेड कंपनी काढ, घराला कुणी हात लावणार नाही. त्याचं अर्धं खरं आहे. लंडनच्या आरोन सॉलोमन या बूट बनवणाऱ्याने आपला धंदा कंपनी करून तिला विकला. भागधारक तो, बायको, मुलगी आणि चार मुलगे. कंपनी बुडाली, तेव्हा खालच्या कोर्टांनी देणी त्याच्या अंगावर टाकली. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वात वरच्या कोर्टाने, नोव्हेंबर १८९६ मध्ये ते फिरवलं: कंपनी वेगळी, माणूस वेगळा. पण ती देणी होती, धंद्यातली उधारी. नट आवळणारा हात कंपनीचा नसतो, माझा असतो. माझ्या हातून निष्काळजीपणा झाला तर कंपनीबरोबर मलाही कोर्टात खेचता येतं. एकट्याने काम करणाऱ्याला कंपनी दुकानदाराच्या उधारीपासून वाचवील, खालच्या मजल्यावरच्या काकूंपासून नाही.

आणि या पॉलिसीत मी स्वतः कुठेच नाही. शिडीवरून पडलो तर ती एक पैसा देणार नाही, ती फक्त परक्यांसाठी. हाताखालच्या पोराला लागलं तरी नाही, त्याचा विमा वेगळा. जर्मनीने १८८४ साली आणि ब्रिटनने १८९७ साली कामगाराच्या अपघाताची भरपाई कायद्याने मालकांच्या माथी मारली. ती सोय ज्याला मालक आहे त्याची. आम्ही मालक सोडून आलो. म्हणून अपघात विमा आणि आजारपणातल्या बुडालेल्या रोजासाठीचं संरक्षण मी निराळं घेतलंय, आणि तिन्हींची बेरीज दरात धरतो. पगारदार मित्र माझा तासाचा दर ऐकून डोळे मोठे करतात. त्यातून हे हप्ते, खिशातला पहिला वाटा आणि रिकामे दिवस वजा केले की डोळे परत जागेवर येतात.

घ्यावी का? लोक राहत असलेल्या घरांत, वरच्या मजल्यांवर काम करत असाल तर घ्याच. गॅस टॉर्चने कॉपर जोडत असाल तर आगीच्या कामाच्या अटी आधी वाचा. माझ्या पॉलिसीत अग्निशामक जवळ ठेवायची आणि काम संपल्यावर तासभर तिथेच थांबून नजर ठेवायची अट आहे. ती न पाळता दावा केला तर नकाराला तयार राहा. बड्या कंत्राटदाराकडे पोटकंत्राट घेत असाल तर त्याच्या पॉलिसीत आपण असू, असं धरून चालू नका. त्याची विमा कंपनी पैसे भरून तुमच्याच मागे लागू शकते. तो सही करायला देतो त्या कागदावर "सर्व नुकसानीस मी जबाबदार" असलं वाक्य असेल तर ते खोडून घ्या. कायद्याने जेवढी जबाबदारी येते त्याहून जास्त तुम्ही सहीने ओढवून घेतली, तर तेवढा भाग पॉलिसीत बसत नाही.

पाचपैकी साडेतीन. नूतनीकरण केलंय, जुनी तारीख नव्या कागदावर आली आहे की नाही ते बघूनच पैसे भरले.