डेस्कटॉपसाठी युएसबी वायफाय अडॅप्टर, घेण्यासारखा आहे पण कुठे लावता ते बघा

ज्यांच्या पीसीत वायफाय नाही आणि राऊटरपासून लॅन केबल ओढायची सोय नाही त्यांनी हा बिनधास्त घ्यावा. माझा ड्युअल बँड आहे, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही पट्ट्यांवर चालणारा, युएसबी ३.० चा, घडीच्या अँटेनावाला. नखाएवढे छोटे मिळतात ते लॅपटॉपला ठीक, डेस्कटॉपला अँटेनावालाच घ्या.

खोक्यावर १३०० एमबीपीएस लिहिलंय त्यावर जाऊ नका. २.४ गिगाहर्ट्झचे ४०० आणि ५ चे ८६७ अशी बेरीज करून वर गोल केलेला आकडा आहे तो, आणि अडॅप्टर एका वेळी एकाच बँडवर चालतो, त्यामुळे तेवढा स्पीड कधीच दिसणार नाही. राऊटर त्याच खोलीत असेल तर ५ वर जोडा, खूप फरक पडतो, मध्ये दोन-तीन भिंती असतील तर २.४ च बरा.

आता मुख्य मुद्दा. कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला थेट लावला तर सिग्नल मार खातो, कारण एका बाजूला पत्र्याचा डबा आणि दुसऱ्या बाजूला भिंत, त्यात युएसबी ३.० चे पोर्ट आणि केबल चालू असताना २.४ च्या पट्ट्यातच नॉइज सोडतात, इंटेलने २०१२ मध्येच यावर पेपर काढलाय. माझ्याकडे शेजारच्या पोर्टमधून हार्ड डिस्कवर कॉपी लावली की व्हिडिओ अडकायचा आणि वायरलेस माऊसपण झटके खायचा. साधी एक्स्टेंशन केबल लावून अडॅप्टर टेबलावर आणला आणि दोन्ही त्रास बंद झाले. ही केबल कंपनीने खोक्यातच द्यायला हवी खरंतर.

ड्रायव्हरची सीडी देतात, ती आता कोण आणि कशात घालणार? विंडोज १० ने माझा आपोआप ओळखला, नाही ओळखला तर मोबाईल केबलने जोडून युएसबी टेदरिंग (मोबाईलचं नेट केबलमधून पीसीला देणं) चालू करा आणि ड्रायव्हर उतरवून घ्या. थोडा वेळ पीसी नुसता ठेवला की नेट जात असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमधली पॉवर वाचवायची टिक काढा.

लिनक्सवाल्यांनी मात्र आधी चिपसेट (अडॅप्टरच्या आतली मुख्य चिप) कुठला ते बघूनच घ्या, कर्नलमध्ये म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच ड्रायव्हर नसेल तर कर्नल अपडेट झाला की परत तोच कंपाईल करत बसावं लागतं.