केबल बदलली, आणि सोबत नॉबही

सबवूफर (फक्त खालच्या पट्टीचा, बासचा आवाज काढणारा स्पीकर) घेतल्यापासून एक बारीक 'घुंऽऽ' असा आवाज यायचा. सिनेमा चालू असताना जाणवायचा नाही, पण सगळं शांत झालं की डोकं उठायचं. विक्रेत्याला फोन केला. माझं बोलणं पुरतं व्हायच्या आत त्याने विचारलं, "साहेब, केबल कोणती लावलीय?"

तो स्वतःच केबल घेऊन घरी आला. बोटाएवढी जाड, सोन्याचा मुलामा दिलेल्या पिना, वर बाण. सिग्नल म्हणे त्याच दिशेने वाहतो. (शील्ड, म्हणजे आतल्या तारेभोवतीची धातूची जाळी, एकाच टोकाला जोडलेली असेल तर बाणाला काही अर्थ असतो. हिची दोन्ही टोकांना जोडलेली निघाली, पण मल्टिमीटर लावायचं मला नंतर सुचलं.) आधी जुन्या केबलवर गाणं वाजवलं. मग सबवूफरमागे वाकून त्याने केबल बदलली आणि तेच गाणं पुन्हा लावलं. बास एकदम भरदार! सबवूफरच्या जवळपास निम्मी किंमत मी मुकाट्याने मोजली.

घुंऽऽ मात्र तसाच राहिला. "केबल मोकळी व्हायला शंभर तास लागतात," असं उत्तर मिळालं. तेवढ्यात परत करायची मुदत टळली.

पुढे एकदा धूळ पुसताना मागचा गेनचा, म्हणजे सबवूफरचा आवाज कमी-जास्त करायचा नॉब दिसला. सबवूफर बसवला तेव्हा मी त्यावर टेपचा तुकडा लावून अकराच्या काट्यावर खूण केली होती. नॉब एकच्या पुढे गेला होता. तो खुणेवर आणून घरच्यांना सांगितलं, मला न दाखवता केबल अदलाबदल करा. दहा वेळा ऐकलं. कुठली महाग आणि कुठली साधी, काही केल्या ओळखता येईना.

येणार तरी कसं? सबवूफरकडे जातो तो फार तर 120 हर्ट्झपर्यंतचा आवाज, बऱ्याच घरांत 80 लाच कापलेला. टीव्हीच्या साध्या कोॲक्सियल केबलची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता, तीच वरच्या पट्टीचा सिग्नल खाते) मीटरला पन्नास ते सत्तर पिकोफॅरड, म्हणजे अगदी नगण्य असते. चार-पाच मीटरमध्ये तिचा परिणाम सुरू होतो तो लाखो हर्ट्झच्या पुढे. केबलचं बघायचं ते हे: शील्डची जाळी दाट हवी, पिन घट्ट बसायला हवी, आणि केबल विजेच्या वायरींना चिकटून नेऊ नये. (ॲम्प्लिफायरपासून पॅसिव्ह, म्हणजे आत स्वतःचा ॲम्प्लिफायर नसलेल्या सबवूफरपर्यंत जाणाऱ्या स्पीकर वायरची गोष्ट वेगळी, तिथे जाडी बघावीच लागते.)

आवाजाचं मूळ ग्राउंड लूपमध्ये होतं. दोन उपकरणांना दोन वाटांनी अर्थिंग मिळालं की केबलच्या शील्डमधून थोडा करंट फिरतो, आणि विजेची 50 किंवा 60 हर्ट्झची गुणगुण नेमकी सबवूफरच्या टापूत पडते. एकेक जोडणी काढत गेलो. सेट-टॉप बॉक्सला येणारी केबल टीव्हीची वायर उपसली आणि खोली चिडीचूप झाली. त्या वायरीवर एक छोटा आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन अर्थिंगची वाट तोडणारा जोड) लावला, तेव्हापासून आवाज नाही. कुणी प्लगची अर्थिंगची पिन काढायला सांगेल, ते अजिबात करू नका, शॉक बसेल.

विक्रेत्याकडे गेलो, तर "पॅकिंग फोडलंय" म्हणाला. गेनचं विचारलं.

"हात लागला असेल, साहेब."