डीव्हीटीनंतरचं क्लास टू स्टॉकिंग: कापड उत्तम, मापाच्या नावाने बोंब

डीव्हीटी म्हणजे पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी. ती झाल्यावर मी पायावर दाब देणारा घट्ट लांब मोजा, म्हणजे हे स्टॉकिंग, घालते. त्याच्या दुसऱ्या जोडीचीही वरची पट्टी गुंडाळायला लागली आणि सर्जिकलच्या दुकानदाराने ती बदलून द्यायला साफ नकार दिला, म्हणून हे सविस्तर लिहितेय. "अंगाला लागलेला माल परत घेत नाही, ताई," एवढंच त्याचं म्हणणं. मी पैसे परत मागत नव्हते, माझ्या मापाचं स्टॉकिंग मागत होते. माप त्याच्याच माणसाने घेतलं होतं. तेही संध्याकाळी, पाय सुजलेला असताना आणि सलवारीवरून.

क्लास टू म्हणजे काय हे या वाटेने गेलेल्यांना माहीत आहेच. घोट्याशी दाब सर्वांत जास्त, साधारण २३ ते ३२ मिलिमीटर पारा, आणि वर जाताना तो कमी होत जातो. माझं गुडघ्यापर्यंतचं आहे, बोटं उघडी राहणारं. एका पायासाठी पूर्ण जोडीच घ्यावी लागते, ते आधी खटकलं होतं. पण उजवं-डावं असा फरक नसल्यामुळे एक धुवायला टाकून दुसरं चढवता येतं, त्यामुळे ती तक्रार मी मागे घेतली आहे.

झालं होतं असं. डाव्या घोट्याचं हाड मोडलं, गुडघ्याखाली प्लास्टर, पाय उशीवर. प्लास्टर निघाल्यावर पोटरी भरून आली, दुखायला लागली, हाताला गरम लागायची. शेजारच्या काकू तिळाचं तेल कोमट करूनच आल्या, "शीर आखडलीय गं, चोळून देते." माझी नणंद नर्स आहे. तिने फोनवरूनच सांगितलं, पायाला कुणी हात लावायचा नाही, आधी दोन्ही पोटऱ्या टेपने मोजा. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा जो उंचवटा लागतो, त्याच्या १० सेंटिमीटर खाली. दोन पायांत ३ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त फरक आला तर डॉक्टर त्याला महत्त्व देतात. आमचा त्याच्याही वर गेला.

त्याच संध्याकाळी डॉप्लर, म्हणजे पायाच्या शिरांची सोनोग्राफी, केलं. डॉक्टर मांडीपासून खाली प्रोब दाबत येत होते आणि मी पडद्याकडे बघत होते. चांगली शीर दाबली की चपटी होऊन दिसेनाशी होते, तिच्या शेजारची रोहिणी (हृदयाकडून रक्त आणणारी धमनी) तशीच गोल उडत राहते. गुडघ्याच्या मागे आल्यावर मात्र दोन्ही गोल तसेच. त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा तसंच. शीर गुठळीने भरलेली होती, दबणार कशी? अशा पायाला तेल लावून रगडलं असतं तर गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका होता. एकाएकी धाप लागणं, श्वास घेताना छातीत कळ येणं, खोकल्यातून रक्त पडणं ही त्याची लक्षणं. तेव्हा सकाळची वाट बघत बसायचं नसतं, थेट इमर्जन्सी गाठायची.

आता पट्टीकडे येते, कारण माझं सगळं भांडण तिच्याशी आहे. मी पतसंस्थेत काउंटरला बसते. गुडघा वाकवून तासभर बसलं की वरची काठाची पट्टी एकदा दुमडते, मग दुसरी घडी पडते. उठेपर्यंत पोटरीवर परकराच्या नाडीसारखा लालभडक वळ, आणि त्याच्या खाली पाय टम्म. ज्या रक्ताला वर जायला वाट द्यायची, त्याचीच वाट ही पट्टी अडवते! घडी पडली की त्या एका जागी दाब कितीतरी वाढतो आणि वर कमी-खाली जास्त हा सगळा हिशेबच उलटा होतो. पायमोजा असता तर मी दुर्लक्ष केलं असतं. हे उपचाराचं साधन आहे, दीड-दोन हजार मोजून घेतलेलं. "सवय होईल" हे त्यावरचं उत्तर मला मान्य नाही.

तक्रार घेऊन डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी आधी मला गुठळी का झाली तेच नीट समजावलं. विर्शो नावाच्या जर्मन डॉक्टरने १८५६ च्या सुमारास जे मांडलं त्यावरून आजही तीन गोष्टी बघतात: रक्ताचा वेग मंदावणं, शिरेच्या अस्तराला इजा आणि रक्ताचाच गोठण्याकडे कल. पोटरीचे स्नायू चालताना शिरा पिळून रक्त वर ढकलतात आणि शिरांमधल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. प्लास्टरमध्ये माझा हा पंप बंद पडला होता आणि हाड मोडताना आसपास इजाही झालेली होती. तिसऱ्या गोष्टीसाठी त्यांनी प्रश्नांची सरबत्तीच केली. घरात कुणाला गुठळी झाली होती का? गर्भनिरोधक गोळ्या? कॅन्सर? नुकतंच बाळंतपण? आणि पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेता का? माझ्याबरोबर आलेली जाऊ दचकलीच, कारण गौरी-गणपतीत आमच्याकडे त्या सर्रास मागवल्या जातात. त्यांत बहुधा नॉरएथिस्टेरॉन असतं आणि त्याचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनच्या जातीच्या हार्मोनमध्ये बदलतो. जिला आधी गुठळी झाली आहे किंवा जिच्या घरात हा त्रास आहे, तिने त्या मेडिकलमधून परस्पर आणून घेऊ नयेत. पूजेपेक्षा बाई महत्त्वाची, हे मी आमच्या घरात मोठ्याने सांगितलं आहे.

मग त्यांनी जे सांगितलं त्यामुळे माझं या स्टॉकिंगबद्दलचं मत बदललं. तोवर मी धरून चालले होते की खरा उपचार स्टॉकिंगच करतंय, म्हणून पट्टी घसरली की जीव घाबरायचा. पण गुठळी वाढू न देण्याचं काम रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचं. मला रिव्हारोक्सॅबॅन होती: पहिले २१ दिवस १५ मिलिग्रॅमची दिवसातून दोनदा, मग २० ची एकदा, दोन्ही जेवणाबरोबरच, कारण रिकाम्या पोटी ती पूर्ण शोषली जात नाही. उपचार किमान तीन महिन्यांचे. त्या काळात अंगदुखीच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, रक्तस्राव होऊ शकतो. गुठळीनंतर काहींचा पाय कायमचा जड, काळपट आणि सुजरा होतो, तो त्रास स्टॉकिंगने निम्म्यावर येतो असं जुने अभ्यास म्हणत. २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ८०० हून अधिक रुग्णांचा मोठा अभ्यास आला. त्यात निम्म्यांना खरं स्टॉकिंग, बाकीच्यांना तसंच दिसणारं बिनदाबाचं. दोन वर्षांनी दोन्हींत फरक दिसला नाही. त्यामुळे आता ते सरसकट सगळ्यांना देत नाहीत. ज्यांना सूज आणि ठसठस आहे आणि घालून बरं वाटतं, त्यांनी घालावं.

हे ऐकून राग यायला हवा होता, उलट मला हायसं वाटलं. सूज उतरवणं एवढंच त्याचं काम, तर ते काम ते चोख करतं का, हे मला रोज संध्याकाळी घोट्यावर बोट दाबून कळतं. खळगा पडला की नाही, बस.

तिथल्याच टेक्निशियन ताईंनी मला दुसऱ्या दिवशी सकाळी, पाय सुजायच्या आत बोलावलं. उघड्या पायावर टेप: घोट्याच्या वर सगळ्यांत बारीक जागी, पोटरीच्या सगळ्यांत जाड जागी, आणि गुडघ्यामागच्या घडीपासून जमिनीपर्यंत उंची. घेर बरा होता, पण उंचीने मला शॉर्ट लागत होतं आणि दुकानात दोन्ही वेळा रेग्युलर गळ्यात मारलं होतं. जादा कापड जाणार कुठे? वरच गुंडाळणार! मापांच्या तक्त्यात हा पर्याय छापलेला असतो, पण दुकानात तो कुणी उघडून बघत नाही.

शॉर्ट घातल्यापासून पट्टी गुडघ्याखाली दोन बोटं राहून जागची हलत नाही. काउंटरला दिवसभर बसूनही वळ नाही. कापडाबद्दल मी आधीही वाईट बोलले नव्हते, आता तर मनापासून कौतुक करते. नाशिकच्या उन्हाळ्यातही घाम टिकत नाही, खाज नाही. चढवताना भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले तर पकड छान येते आणि नखं लागत नाहीत. जोडवी मात्र काढून ठेवा. माझ्या पहिल्या जोडीचा धागा जोडव्यानेच ओढला गेला आणि तिथून उभी रेघ उसवत टाचेपर्यंत आली. साध्या पाण्यात सौम्य साबणाने धुवा, पिळू नका, सावलीत आडवं वाळवा.

दुकानावरचा दुसरा राग सांगते. माझ्यासमोर एका मधुमेही काकांनी "पाय गार पडतात, मुंग्या येतात" म्हणून हेच स्टॉकिंग मागितलं आणि त्यांना ते लगेच काढून दिलं. पायाच्या रोहिण्यांमधून रक्त आधीच कमी पोचत असेल तर वरून दाब देणं घातक ठरू शकतं. डॉक्टर आधी घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाची तुलना करून बघतात. काकांना मी बाजूला घेऊन सांगितलं, ते डॉक्टरांना विचारून येतो म्हणाले. काउंटरवाल्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती लक्षात आहे.

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला हॉस्पिटलने दिलेले पांढरे लांब मोजे आणि हे स्टॉकिंग एक नव्हे. ते पडून असलेल्या रुग्णासाठी, कमी दाबाचे. तिला घरी आल्यावर रक्त पातळ ठेवायची गोळी होतीच, आणि फिजिओवाल्याने खाटेवर पडल्या-पडल्या पंजे वरखाली करायला लावले होते. मी तेच आता नाशिक-नागपूर प्रवासात करते. चार तासांहून लांबच्या प्रवासात धोका साधारण दुप्पट होतो, मग विमान असो की बस. एसटी थांबली की खाली उतरते आणि पाणी पिते.

माझी गोळी डॉक्टरांनी थांबवली आहे. स्टॉकिंग फक्त कामाच्या दिवशी घालते, त्यांच्या परवानगीने. चार-सहा महिन्यांत लवचीकपणा जातो म्हणतात, म्हणजे लवकरच नवी जोडी घ्यावी लागेल. पुढच्या वेळी तिन्ही मापं पावतीवर लिहून घेणार आहे. नाशिकमध्ये सकाळी घरी येऊन माप घेणारं आणि चुकलं तर बदलून देणारं दुकान कुणाला माहीत असेल तर खाली नक्की लिहा.