तारापूर: एका कुंपणात दोन तऱ्हेच्या अणुभट्ट्या

पालघर जिल्ह्यात बोईसरजवळ, समुद्राकाठी तारापूर अणुवीज केंद्राचे चार संच आहेत. नाव एक असले तरी जुनी आणि नवी जोडी वेगवेगळी पारखावी लागते.

संच १ आणि २ ऑक्टोबर १९६९ पासूनचे, जनरल इलेक्ट्रिकच्या बनावटीचे, उकळत्या पाण्याचे. भट्टीतली वाफ थेट टर्बाइनवर जाते. मांडणी आटोपशीर, पण वाफेसोबत किरणोत्सारी नायट्रोजन-१६ येतो. त्याचे अर्धायुष्य जेमतेम सात सेकंद, तरी संच चालू असताना टर्बाइनला जाड भिंतींची आड लागतेच. जोडीचे दुखणे मात्र दुसरीकडे निघाले. थेट वाफेखेरीज थोडी वाफ दुय्यम स्टीम जनरेटरमधून, म्हणजे भट्टीतल्या गरम पाण्यावर वेगळी वाफ करणाऱ्या पात्रांतून यायची. त्यांच्या नळ्या गळू लागल्या. ते वापरातून काढले आणि २१० मेगावॉटचा संच १६० वर आणला. पन्नास मेगावॉट सोडून संच वाचवले, हे शहाणपणाचेच झाले. २००५-०६ मध्ये दोन्ही संचांत सामाईक असलेल्या शीतकरण यंत्रणा वेगळ्या केल्या, तीन नवे डिझेल जनरेटर बसवले. हे काम आधीच व्हायला हवे होते. २०२० मध्ये दोन्ही संच मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवले.

या जोडीची खरी अडचण इंधनाची. समृद्ध युरेनियम (विखंडनक्षम अंश वाढवलेले) बाहेरून आणायचे, तेही देणारा देईल तेव्हा. अमेरिकेने हात आखडल्यावर फ्रान्स, चीन, रशिया असे फिरावे लागले.

५४० मेगावॉटचे संच ४ (२००५) आणि ३ (२००६) या परावलंबनातून सुटलेले: देशी आराखडा, जड पाणी (जड हायड्रोजनचे पाणी), नैसर्गिक युरेनियम. प्रत्येक भट्टीत इंधनाच्या ३९२ आडव्या नळ्या. इंधनाचे बंडल सुमारे अर्धा मीटर लांब, त्यात ३७ सळ्या. नळीच्या दोन्ही तोंडांना एकेक यंत्र येऊन चिकटते. एक नवी बंडले आत ढकलते, दुसरे वापरलेली झेलते. भट्टी तेव्हा पूर्ण शक्तीवर चालू असते! जुन्या जोडीत याच कामासाठी संच बंद करून भट्टीचे झाकण उघडावे लागते.

या नव्या भट्ट्या चालवणाऱ्यांची कसोटी ट्रिपनंतर, म्हणजे भट्टी अचानक बंद पडल्यावर लागते. आयोडीनपासून झेनॉन-१३५ तयार होत राहतो आणि साखळी प्रक्रियेला लागणारे न्यूट्रॉन गिळतो. कारण सापडून साधारण अर्ध्या तासात भट्टी परत उचलली नाही, तर झेनॉन विरेपर्यंत दीड दिवस थांबावे लागते. शिवाय जड पाण्याची गळती: ते महाग, त्यात ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन. म्हणून इमारतीतली हवा ड्रायरमधून फिरवून त्यातली वाफसुद्धा परत मिळवतात.