पोटगीत बदल मागण्यासाठी मोफत वकील: विधी सेवा प्राधिकरणाची सेवा कितपत कामाची?

आदेश झाला तेव्हा मूल बालवाडीत होतं, आता दहावीला आहे आणि पोटगी मात्र तेवढीच. वकिलाची फी परवडत नाही म्हणून अशा आदेशावर वर्षानुवर्षं निभावून नेलं जातं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची मोफत सेवा नेमकी इथे उपयोगी पडते. या कामासाठी ती जरूर घ्यावी, पण तयारीनिशी.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. नोकरी करणारीलाही वकील मिळतो. पोटगी कमी करून मागणाऱ्या पुरुषाला मात्र सहसा उत्पन्नमर्यादेत बसावं लागतं (अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग यांना ही अट नाही). अर्ज जिल्हा प्राधिकरणाच्या कार्यालयात किंवा तालुका विधी सेवा समितीकडे द्यायचा, हेल्पलाइन १५१००. नियमाप्रमाणे सात दिवसांत निर्णय व्हायला हवा. वकिलाची फी, कोर्ट फी, मसुदा, नकला हा खर्च प्राधिकरणाचा. नेमलेल्या वकिलाने वर पैसे मागितले तर देऊ नका, प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा. वकील बदलून मागता येतो.

सेवेची खरी परीक्षा अर्ज कोणत्या कलमाखाली आणि कुठे लागतो इथे होते. जुना आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ चा असेल तर बदलाची तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ मध्ये आहे (पूर्वीचं १२७). हिंदू विवाह कायद्याखालची कायमची पोटगी असेल तर कलम २५(२). कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा आदेश असेल तर त्या कायद्याचं २५(२). आधीच्या आदेशात बदल हवा असेल तर तो त्याच प्रकरणात मागावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात सांगितलं आहे. चुकीच्या ठिकाणी अर्ज लागला की तारखा वाया जातात. म्हणून पहिल्याच भेटीला आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल न्या.

दुसरी गोष्ट पुराव्याची, आणि बहुतेक अर्ज इथेच लंगडे पडतात. ‘महागाई वाढली’ एवढ्यावर भागत नाही. आदेशाच्या वर्षी काय होतं आणि आज काय आहे, हे समोरासमोर मांडावं लागतं: शाळेची फी, घरभाडं, औषधं, स्वतःची कमाई. प्रत्येक आकड्यामागे पावती किंवा बँकेचा उतारा हवा. रजनेश विरुद्ध नेहा निकालानेच दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि दायित्वाचं प्रतिज्ञापत्र बंधनकारक केलं. त्यात शिकवण्यांचं किंवा शिवणकामाचं उत्पन्न लपवू नका; उलटतपासणीत ते बाहेर आलं की खऱ्या खर्चावरचाही विश्वास उडतो. समोरच्याचा पगार माहीत नसेल तर मालकाकडून पगारपत्रक मागवण्याचा वेगळा अर्ज करता येतो. हा अर्ज वकील आपणहून देईल असं धरून बसू नका, आठवण करून द्या. सेवेची उणीव हीच: एका वकिलाकडे बरीच प्रकरणं असतात, पाठपुरावा पक्षकारालाच करावा लागतो.

कुटुंब न्यायालयात वकील हा हक्क नाही (१९८४ च्या कायद्याचं कलम १३), न्यायालयाची परवानगी लागते. वकीलपत्रासोबत परवानगीचा अर्ज दिला आहे का, हे पहिल्या तारखेआधी विचारा.

बदलाचा अर्ज केला म्हणून जुना आदेश थांबत नाही. देणाऱ्याने मनानेच रक्कम कमी केली तर फरक थकबाकीत जमा होत राहतो. जुन्या कलम १२५ किंवा नागरिक सुरक्षा संहितेच्या आताच्या कलम १४४ खालच्या आदेशाच्या थकबाकीसाठी वॉरंट हवं असेल तर प्रत्येक हप्ता देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज लागतो. वाढीच्या प्रकरणाची वाट पाहताना ही मुदत हमखास निसटते. वसुलीचा अर्ज त्याच वकिलाकडून त्याच दिवशी लावून घ्या.