‘मिल्स’चे जुने स्लॉट मशीन आणि गिरगावातील एक कार्यशाळा

तीन वर्षांपूर्वी चोर बाजारातील मटन स्ट्रीटवरून मी घेतलेले स्लॉट मशीन, म्हणजे नाणे टाकून दांडा ओढायचे जुगाराचे यंत्र, शिकागोच्या मिल्स नॉव्हेल्टी कंपनीने बनवलेले, पाच सेंटच्या नाण्यावर चालणारे आणि संग्राहकांमध्ये ‘कासल फ्रंट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९३३ च्या नमुन्याचे आहे. दर्शनी भाग ओतीव ॲल्युमिनियमचा, बाजू ओक लाकडाच्या, उजवीकडे ओढायचा दांडा. विजेचा कुठेही संबंध नाही. घरी आणले तेव्हा दांडा अर्ध्यावर अडकत होता, रील, म्हणजे चित्रांची चक्रे, कधी फिरत तर कधी फिरत नसत, आणि ओळीत तीन संत्री आली तरी खालच्या वाटीत एक नाणेही पडत नसे. हे यंत्र ज्या कार्यशाळेने पुन्हा चालते केले ती गिरगावातल्या एका चाळीच्या तळमजल्यावर, जेमतेम दहा फूट रुंदीच्या खोलीत आहे. कारागिरांना गर्दी नको आहे, म्हणून त्यांच्या इच्छेप्रमाणे नाव आणि पत्ता येथे देत नाही. मटन स्ट्रीटवरील जुन्या यंत्रांचे व्यापारी त्यांना चांगले ओळखतात.

कार्यशाळेच्या या कारागिरांना सगळे काका म्हणतात. त्यांच्या उमेदीची वर्षे उपनगरी स्थानकांवरील वजनाची यंत्रे सांभाळण्यात गेली. रंगीत दिवे लुकलुकत, चकती फिरे आणि वजनासोबत भविष्य छापलेले पुठ्ठ्याचे तिकीट बाहेर येई, ती यंत्रे माझ्या पिढीला तरी विसरता येणार नाहीत. त्या कामातून त्यांना आलेली जाण अशी, की नाण्यावर चालणाऱ्या कोणत्याही यंत्रात बिघाड शोधायचा तर आधी नाण्याचा रस्ता पाहायचा आणि मग बाकीच्या भागांना हात लावायचा. माझे यंत्र त्यांनी पहिल्या दिवशी उघडलेच नाही. एक नाणे टाकून, दांडा हळूहळू ओढत, कान लावून ते पाऊण तास नुसते ऐकत बसले होते.

या यंत्राची रचना समजून घेतल्याशिवाय त्यांच्या कामाचे मोल कळणार नाही. तीन रील आणि आपोआप बक्षीस देणारी व्यवस्था ही सॅन फ्रान्सिस्कोतील चार्ल्स फे या बव्हेरियात जन्मलेल्या कारागिराची १८९० च्या दशकातील कल्पना. पुढे मिल्स कंपनीने ती कारखान्यात मोठ्या प्रमाणावर उतरवली. दांडा ओढला की स्प्रिंग ताणली जाते, रील झटक्यात फिरू लागतात, आणि लहानसा पंखा लावलेली घड्याळासारखी चक्रमालिका हवेच्या अडथळ्यावर आपला वेग राखत एकेक तरफ सोडत जाते. त्या तरफा दातेरी चक्रांच्या खाचांत पडल्या की रील डावीकडून उजवीकडे एकामागून एक थांबतात. रील थांबल्यावर पोलादी बोटे प्रत्येक रीलच्या चकतीतली भोके चाचपतात. बोट भोकात गेले तर बक्षिसाची पट्टी मोकळी होऊन सरकते; भोक नसेल तर बोट चकतीवर अडते आणि पट्टी जागीच राहते. प्रत्येक रीलवर २० थांबे, म्हणजे एकंदर ८००० मांडण्या, आणि त्या सगळ्यांचा हिशेब एवढ्या भोकांवर आणि बोटांवर चालतो. माझ्या यंत्रावरील तक्त्याप्रमाणे तीन संत्र्यांना १०, तीन प्लमना १४ आणि तीन घंटांना १८ नाणी मिळायला हवीत.

माझ्या यंत्रात आधीच्या कोणा दुरुस्ती करणाऱ्याने तिसऱ्या रीलच्या तरफेला मूळपेक्षा ताठ स्प्रिंग बसवली होती. तरफ खाचेत इतक्या जोरात आदळे की रील किंचित उसळून केसभर पुढे थांबत असे. डोळ्यांना चित्र ओळीत दिसे, पण मागच्या चकतीतले भोक बोटासमोर नेमके येत नसे आणि बोट भोकाच्या कडेवर अडकत असे. संत्री दिसूनही नाणी न पडण्याचे कारण एवढेच होते. काकांनी पहिल्या रीलची शाबूत स्प्रिंग नमुन्याला घेऊन नागदेवी स्ट्रीटवरून तिच्यासारख्या तारेच्या चार स्प्रिंगा आणल्या, वजने लटकवून त्यांचा ताण मोजला आणि त्यांतली एक निवडली. घड्याळाच्या चक्रमालिकेत तेल सुकून डिंकासारखे झाले होते. ती सुटी करून पेट्रोलने धुतली आणि फक्त धुऱ्यांच्या टोकांना घड्याळाच्या तेलाचा एकेक थेंब दिला. बक्षिसाच्या पट्ट्यांना मात्र त्यांनी तेल अजिबात लावले नाही, कारण तेलावर धूळ बसते आणि पट्ट्या चिकटू लागतात. माझ्या अनुभवात नव्वद टक्के दुरुस्ती करणारे सर्वप्रथम तेलाची पिचकारीच उचलतात, म्हणून ही गोष्ट मला विशेष वाटली.

आमचा खरा मतभेद झाला तो नाण्यावरून. आल्यागेल्याला सहज खेळून दाखवता यावे म्हणून यंत्र रुपयाच्या नाण्यावर चालावे असा माझा आग्रह होता. अमेरिकेचे पाच सेंटचे नाणे २१.२१ मिलिमीटर व्यासाचे आहे. आपला २०११ च्या मालिकेतला रुपया २१.९३ मिलिमीटरचा, आणि २०१९ च्या मालिकेतला २० मिलिमीटरचा. एक तोंडातच अडकतो, दुसरा आत डुगडुगतो. पाऊण मिलिमीटर कानशीने घासले की काम भागेल असे मला वाटत होते. काकांनी मला शेजारी बसवून नाण्यांची नळी आणि तिच्याखालच्या पट्ट्या दाखवल्या. यंत्र नाणी मोजते ती नळीत रचलेल्या नाण्यांच्या जाडीवरून. पट्टीच्या भोकात मावतील तितकीच नाणी तिच्यासोबत सरकून खाली पडतात. रुपया रुंदीला जास्त पण जाडीला कमी. “पातळ नाणं जाड नाण्याच्या घरात बसवलं, तर मशीन मोजणार काय?” एवढेच ते म्हणाले, आणि मी आग्रह सोडला. मूळ रस्ता एकदा घासला की तो परत आणता येत नाही, हेही तितकेच खरे. माझ्या भाच्याने अमेरिकेहून येताना दोनशे निकेल, म्हणजे पाच सेंटची नाणी, आणली. एक निकेल नेमके पाच ग्रॅमचे असल्यामुळे त्यांचे वजन बरोबर एक किलो भरले, आणि १९३३ पासून आजवर त्याचे माप न बदलल्यामुळे ती नाणी या यंत्रात पहिल्याच फेरीत सुरळीत चालली. वरच्या काचेमागून शेवटची काही नाणी सरकत जाताना दिसतात. बनावट नाणे टाकणारा लगेच ओळखू यावा यासाठीची ती सोय आहे.

रीलवरच्या कागदी पट्ट्या पिवळ्या पडल्या होत्या. तशाच नव्या छापलेल्या पट्ट्या परदेशातून मागवता येतात आणि मी त्या मागवायच्या बेतात होतो, परंतु काकांनी जुन्या पट्ट्या कोरड्या मऊ ब्रशने पुसून, सुटलेल्या कडा पातळ खळीने चिकटवून तशाच ठेवल्या. आज त्या पाहताना मला त्यांचा निर्णय योग्य वाटतो. जुगारावरची बंदी चुकवण्यासाठी एके काळी अशी यंत्रे च्युइंगगम देणारी म्हणून चालवली जात, रीलवरची फळे त्या गमच्या स्वादांची आणि ‘बार’चे काळे चिन्ह गमच्या वेष्टनावरचे. तो सगळा इतिहास त्या पिवळ्या कागदावर आहे. नव्या चकचकीत पट्टीवर त्याची फक्त नक्कल दिसली असती.

लाकूडकामाबाबत मी तितका समाधानी नाही. ओकच्या बाजू त्यांनी बाहेरच्या एका पॉलिशवाल्याकडे दिल्या आणि त्या परत आल्या त्या काचेसारख्या चमकत. जुने खुणावलेले लाकूड चकाकले की सगळे यंत्र खोटे वाटू लागते. काकांनाही ते पटले, त्यांनी पैसे न घेता पॉलिश उतरवून पातळ हाताचे फ्रेंच पॉलिश करून दिले, पण त्यात पाच आठवडे गेले. एकंदर कामाला दोन महिने सांगितले होते, लागले सात; पावसाळ्यात दमट हवेत सुटे भाग उघडे ठेवायचे नाहीत या कारणाने सहा आठवडे काम पूर्ण बंद होते. कारण पटण्यासारखे होते, मात्र ते आधी सांगायला हवे होते. खर्चाचा लेखी अंदाज मिळत नाही आणि फोन क्वचितच उचलला जातो. शेवटी सुट्या भागांसह ३८ हजार रुपये झाले. प्रत्येक बदललेला भाग त्यांनी चिठ्ठी लावून एका डब्यात परत दिला, तोही त्या ताठ स्प्रिंगसह, आणि हे मी दुसऱ्या कोणत्याही दुरुस्तीच्या दुकानात पाहिलेले नाही.

यंत्र ताब्यात देण्यापूर्वी काकांनी एक अट घातली. ते घरातच राहील, दुकानात किंवा हॉटेलात ठेवले जाणार नाही आणि त्यावर पैसे लावून कोणी खेळणार नाही, असे त्यांनी माझ्याकडून कागदावर लिहून घेतले. मुंबईत १८८७ चा जुगार प्रतिबंध कायदा आजही लागू आहे, आणि चालू स्थितीतले यंत्र दुरुस्त करणाऱ्याने ही काळजी घेणे मला उचित वाटते. माझी दोनशे निकेल गल्ल्यातून परत नळीत जातात आणि पाहुणे रिकाम्या हाताने घरी जातात.

ज्यांना दिवाणखान्यात शोभेची चकचकीत वस्तू हवी आहे किंवा ठरल्या तारखेला काम हवे आहे त्यांनी येथे जाऊ नये. ज्यांच्याकडे जुने यंत्र आहे आणि ते मुळात जसे चालत होते तसेच चालावे अशी इच्छा आहे, त्यांनी ते शक्यतो दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर न्यावे, आणि जाताना आपल्या यंत्राच्या मापाची दहा-वीस नाणी सोबत ठेवावीत. नाण्याशिवाय आणलेले यंत्र काका उघडत नाहीत. माझ्या यंत्राच्या जॅकपॉटच्या, म्हणजे मोठ्या बक्षिसाच्या, डाव्या कप्प्याचा दरवाजा अजून नीट मिटत नाही. त्यासाठी येत्या डिसेंबरची तारीख मिळाली आहे.